छाट कुणाच्या नावावर

आमच्या कॉलेजात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींना पहिल्या वर्षी बिड्या वळायला लावायचे, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी त्याच विभागात शिकवत होतो आणि भिजवलेल्या पानांचं गाठोडं दरवर्षी माझ्याच टेबलावर आणून ठेवलं जायचं. माझ्या किती कागदांवर त्या पाण्याचे डाग पडलेत ते मला विचारा. तेव्हा हे खोटं आहे असं मला कुणी सांगायला येऊ नये.

वळायला लावणारी बाई म्हणजे डॉ. इंदुमती माने, बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीची प्राध्यापक. मूळची निपाणीची. शिपायापासून डीनपर्यंत सगळे तिला इंदाक्का म्हणायचे, डीन फक्त तिच्या तोंडावर मॅडम म्हणायचे. बुटकी, सावळी, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, आणि आवाज असा की खालच्या कँटीनवाल्याला वरचा तास कुठवर आलाय ते कळायचं. चष्म्याची एक काडी कधीतरी मोडली होती, ती तिनं बिडीच्या दोऱ्यानं बांधून टाकली होती. त्या दोऱ्याचं रीळ कायम पर्समध्ये. डब्याचं झाकण, छत्रीची तार, परीक्षेचे पेपर, सगळ्याला तोच दोरा. मी एकदा म्हटलं, "आक्का, काडी नवीन बसवून घ्या की. प्राध्यापक आहात तुम्ही." ती म्हणाली, "ही काय वाईट हाय? धरून ठेवतीया न्हवं? मग गप बस."

माणसाला नावानं हाक मारायची तिला सवय नव्हती, ती गावानं मारायची. मी कंग्राळीचा, म्हणून मी 'कंग्राळी'. आमचा टेक्निशियन 'उचगाव'. वर्गात एखादी मुलगी पेंगताना दिसली की, "ए खानापूर, पुस्तक मीट आन माझ्याकडं बघ." दिल्लीहून आलेल्या एका मुलाला ती 'दिल्ली' म्हणायला लागली आणि तो बिचारा डॉक्टर होऊन बाहेर पडेपर्यंत सगळ्या कॉलेजात दिल्लीच राहिला. त्याचं खरं नाव मला आजही आठवत नाही.

आता त्या बिड्या. आपल्या पेशीच्या आत एक जाळं असतं. मराठी पुस्तकात त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात, इंग्रजीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम. इंदाक्का म्हणायची, दोन्ही नावं सारखीच वाईट, आपण त्याला बिडीचं घर म्हणू. पेशीतली पुष्कळशी प्रोटीनं तिथं घडी पडून तयार होतात. इन्सुलिनसुद्धा तिथलंच. घडी बरोबर पडली तर माल बाहेर जातो, चुकली तर आतच अडवला जातो. हे फळ्यावर काढून दाखवलं की मुलं माना डोलवतात आणि परीक्षेत विसरतात. म्हणून ती निपाणीहून पानं आणायची, सुपं आणायची, आणि जर्द्याच्या जागी लाकडाचा भुसा. भावी डॉक्टर खाली फरशीवर मांडी घालून बसायचे, मांडीवर सूप घ्यायचे आणि वळायला लागायचे.

कुणाची बिडी पोटात फुगायची, कुणाची तोंडाशी उघडायची, कुणाचा दोराच सुटायचा. आक्का कारखान्यातल्या चेकरसारखी फिरायची आणि वाईट बिडी उचलून बाजूला टाकायची. तपासणीत नापास झालेल्या बिडीला निपाणीत छाट म्हणतात. "छाट. ही पण छाट. ए दिल्ली, ही बिडी हाय का वांगं?" थोड्या वेळात फरशीवर छाटीचा ढीग साचायचा. मग ती हात वर करून सगळ्यांना थांबवायची.

"आता घरातल्या बाईनं काय करायचं? पयलं, नवीन पान घरात घ्यायचं बंद. दुसरं, वळायला शेजारपाजारच्या बायका बोलवायच्या. तिसरं, छाट उचलून बाहेर टाकायची. पेशी हेच करती. ह्याला म्हणायचं बिडीच्या घरावरचा ताण. आन येवढं करूनबी ढीग हलला न्हाय, तर?" मुलं ढिगाकडे बघायची. "तर पेशी घराला कुलूप लावती आन मरती. इन्सुलिन करणाऱ्या पेशी अशा मेल्या की साखरेचा रोग. लिव्हरमध्ये झालं की लिव्हरचा रोग. मेंदूत साचलं की हात थरथरायला लागतो. भानगड एकाच घरातली, रोगाची नावं येगळी." रोगाची गोष्ट एवढी सरळ नसते, त्यात आणखी दहा कारणं असतात, हे तिला ठाऊक होतं आणि पुढच्या तासाला ती ते बजावून सांगायचीही. पण पहिला तास कुणी विसरायचं नाही.

एका वर्षी कुणीतरी त्या तासाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. डीननी बोलावून घेतलं. "मॅडम, मेडिकल कॉलेजात बिडी?"

"भुसा हाय सर त्यात."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना तासाला बसवा."

वर्गखोलीत असले प्रकार करायचे नाहीत असा लेखी आदेश आला. पुढच्या वर्षी तिनं तो तास व्हरांड्यात घेतला. आदेशात व्हरांड्याचा उल्लेख नव्हता.

हे खूळ आलं कुठून, तर आईकडून. आई निपाणीत घरी बसून बिड्या वळायची. इंदाक्का अभ्यास करायची ती सुपाच्या आवाजात. आईबद्दल ती फार बोलायची नाही, पण एकदा परीक्षेचे पेपर तपासताना आपणहून बोलली. "पान द्यायचा कारखाना. वाळकं, भोकं पडल्यालं. त्येची बिडी चांगली कशी हुईल, सांग. पर छाट निघाली की कुणाच्या नावावर? आईच्या. म्हणं बाई मन लावून वळत न्हाय." मग आईला साखरेचा रोग झाला. डॉक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी एकच ऐकवलं, की चहात साखर फार खाल्लीस. "आई जाताना माझी माफी मागून गेली. म्हणाली, मी जिभेवर ताबा ठिवला न्हाय, तुमास्नी तरास दिला. कंग्राळी, त्या माफीचा मला अजून राग येतोय. तिनं कुणाची माफी मागायची व्हती? पानच खराब दिल्यालं." एवढं बोलून ती पुन्हा पेपर तपासायला लागली आणि त्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांना तिनं सढळ हातानं मार्क दिले.

त्यामुळे तिच्यासमोर 'पेशंट ऐकत नाही', 'पेशंट पथ्य पाळत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलं की ती मान तिरकी करून विचारायची, "तू बघितलास?" समोरचा कानडी असला तर, "नोडिदी येन?" बाहेरचा असला तर इंग्रजीतून. तीन भाषांत एकच प्रश्न. ज्याला तो विचारला जायचा त्याला राग यायचा, कारण त्यानं बघितलेलं नसायचं. मलाही तिनं तो अनेकदा विचारला आहे आणि मलाही दरवेळी राग आला आहे.

वैशाली आली ती याच प्रश्नापाशी.

वैशाली निपाणीची, तिथल्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणारी मुलगी. वडिलांचं शिलाईचं दुकान. लहानपणापासून तिला इन्सुलिनची इंजेक्शनं, आणि अलीकडे साखर कशी ती ताब्यात येईना. आमच्या हॉस्पिटलात तिला भरती केलं होतं. सोबतीला आलेल्या आत्याला तिच्या पिशवीत खडीसाखरेची पुडी सापडली आणि झालं. खरं तर इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं अशी पुडी जवळ बाळगायचीच असते, साखर एकदम खाली गेली तर जीव वाचवायला. पण आत्यानं वॉर्डभर सांगितलं की पोरगी चोरून खाते. वडिलांनी पुडी काढून स्वतःच्या खिशात घातली आणि सांगून टाकलं, कॉलेज बंद, आता घरात डोळ्यांसमोर राहायचं. पोरगी एकच म्हणत राहिली की मी खात नाही. तिच्यावर विश्वास ठेवायला कुणीच तयार नव्हतं. तिचं शिक्षण आणि तिचा शब्द, दोन्ही त्या पुडीपायी जायला बसलं होतं.

आमच्या विभागाला पेशंटशी काम नसतं. आमच्याकडे येतं ते त्यांचं रक्त, नळीतून. पण इंदाक्काला वॉर्डात निपाणीचं कुणी आलंय कळलं की राहवायचं नाही, कुठल्या गल्लीतली, कुणाची कोण, हे विचारायला ती खाली जायचीच. त्या दिवशी मीही सोबत होतो. ती खाटेवर टेकून गप्पा मारायला लागली. वैशाली दरवेळी मान वळवून उजवा कान पुढं करायची.

"कानाला काय झालंय गं?"

"कमी येतंय ऐकायला. कोल्हापूरला दाखवालोय. मशीन लावा म्हणालेत."

"आन चष्मा कवापासनं?"

"चष्म्यानं काय फरक पडत न्हाय. रंगबी फिकट दिसालेत. डोळ्याला मिरज चालू हाय."

इंदाक्कानं मिरजेच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं.

निपाणीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या सगळ्या सीमाभागातच ही रीत आहे. डोळा म्हटलं की मिरज, कान म्हटलं की कोल्हापूर, साखर म्हटलं की बेळगाव. शरीराचा एकेक अवयव एकेका गावाला वाटून दिलेला. जो तो आपल्या डॉक्टरचं गुणगान गातो आणि एका गावचं दुसऱ्या गावात बोलत नाही, विचारलं तर 'ते तिकडं चालू हाय' म्हणून मोकळा होतो. वैशालीचे तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी हुशार होते. पण तिघांनी मिळून ती एक मुलगी कधी बघितलीच नव्हती.

शनिवारी वॉर्डातल्या अवघड पेशंटवर चर्चा असायची. आम्ही बायोकेमिस्ट्रीवाले मागच्या बाकावर बसून बिस्किटं खायचो, आमच्याकडून तेवढीच अपेक्षा असायची. वैशालीचा विषय निघाला. मेडिसिनचे मोठे डॉक्टर म्हणाले, तरुण मुलगी आहे, लपवून खाते, इंजेक्शन चुकवते, समुपदेशनाला पाठवा. मागून आवाज आला, "तुम्ही बघितलासा?"

"मॅडम, हा क्लिनिकल प्रश्न आहे."

"असू दे की. बघितलासा का?"

सगळे मागं वळून बघायला लागले. मी बिस्किट खाली ठेवलं. इंदाक्का उभी राहिली आणि म्हणाली की या मुलीला नुसती साखर नाही. हिचे डोळे जातायत आणि कानही जातायत, आणि ते तुम्हाला माहीत नाही, कारण डोळे मिरजेत आहेत आणि कान कोल्हापुरात. मिरजेच्या डॉक्टरांशी मी बोलले. साखरेनं बिघडतो तो डोळ्याचा पडदा, हिचा पडदा स्वच्छ आहे, वाळलीय ती डोळ्याची नस. ही साखरेची करामत नाही. बिडीच्या घराचा ताण ज्यानं आवरायचा, तो जीनच हिच्यात जन्मापासून बिघडलेला असणार. आधी इन्सुलिनच्या पेशी मेल्या, मग डोळ्याची नस, मग कान. "रोग एक हाय आन आपण त्येची तीन गावं केली. वर पोरीला खोटारडी म्हणतोय."

कुणीतरी पुढच्या बाकावर हसून म्हणालं की टेस्टट्यूबवाल्यांनी आता वॉर्ड चालवायला घ्यावा. इंदाक्का बसली नाही. "चालवू की. पर आधी तिचं रक्त जीन तपासायला बेंगळूरला पाठवा. माझं चुकलं तर मी ह्या मीटिंगला परत यायची न्हाय." मेडिसिनचे डॉक्टर माणूस म्हणून सरळ होते, त्यांना राग आलेला दिसत होता, तरी त्यांनी रक्त पाठवायला सांगितलं.

रिपोर्ट आला तेव्हा ते स्वतः जिने चढून आमच्या विभागात आले. आजाराला एका परदेशी डॉक्टरचं नाव आहे, फार थोड्या लोकांना होतो. "मॅडम, तुमचं बरोबर," एवढंच म्हणाले आणि कागद तिच्या हातात दिला. इंदाक्काला आनंद झाला नाही. ती म्हणाली, माझं चुकलं असतं तर बरं झालं असतं.

वैशाली आणि तिचे वडील इंदाक्काच्या खोलीत स्टुलांवर बसले. तिनं त्यांना बिडीच्या घराची सगळी गोष्ट सांगितली, निपाणीचा माणूस, त्याला छाट काय ते शिकवावं लागलं नाही. वडिलांनी शेवटी विचारलं, "मग औषध?"

"इन्सुलिन चालू ठिवायचं. ह्या रोगावर म्हणून औषध अजून न्हाय, अण्णा. शोधालेत लोक. पर आज न्हाय."

"मग कळून काय फायदा, मॅडम?"

मला वाटलं ती आता भडकणार. ती भडकली नाही. "अण्णा, माझी आई ह्याच साखरेपायी माफी मागत मेली. तिला कुणी सांगितलं न्हाय की पान खराब व्हतं, वळणारीचा दोष न्हाय. तुमच्या पोरीचं पान जन्मापासनंच भोकाचं हाय. तरीबी ती रोज सुई टोचून घेती, कॉलेजला जाती. आन तुम्ही छाट तिच्या नावावर लावालाय."

वैशाली उजवा कान पुढं करून ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हंजे मी खोटं बोलत नव्हते, असं त्यात लिवलंय?"

"व्हय. लिवलंय."

"मग ते आत्याला वाचून दाखवा."

वडिलांनी शर्टाच्या खिशात हात घातला, खडीसाखरेची ती पुडी काढली आणि मुलीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. "कॉलेजला डब्याबरोबर ने," म्हणाले. इंदाक्कानं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि तो दोरा सुटला, मग ती बराच वेळ दोरा बांधत बसली.

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाचा हार तिनं घेतला नाही. निपाणीला गेली. वैशाली तिच्याकडे येत-जात राहिली, शिकली, दृष्टी जवळजवळ गेली तरी एम. ए. झाली आणि एका शाळेत इतिहास शिकवायला लागली. फोनवर आक्काच्या बातम्या तिच्याकडून कळायच्या. मग एके दिवशी आक्काचाच फोन आला. "कंग्राळी, माझा उजवा हात थरथरालाय. माझ्या मेंदूतबी छाट साचली." जणू नळाला पाणी आलंय असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. जिचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा, तो फोनमध्येही नीट ऐकू आला नव्हता.

शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, निपाणीच्या बसस्टँडवर. मी एका लग्नाहून परतत होतो. बाकासमोर दोघी उभ्या होत्या. वैशालीच्या एका हातात पांढरी काठी, कानात मशीन, आणि दुसऱ्या हातात आक्काचा उजवा हात घट्ट धरलेला. आक्का आणखी बुटकी झाली होती. कंपवातात चेहरा हलत नाही, तसा तिचा हलत नव्हता. चष्म्याला दोरा तोच. बेळगावला निघाल्या होत्या. वैशालीच्या अपंगत्वाच्या दाखल्यात डोळे धरले होते, कान धरले नव्हते, त्यावर भांडायला. "बसा की आक्का," मी म्हटलं. ती म्हणाली, "बसून भांडता येत न्हाय." मला ते ऐकायला वाकावं लागलं.

तेवढ्यात ओळखीचे एक निवृत्त मास्तर आले. चांगले गृहस्थ. आक्काच्या हाताकडे बघत हळहळून म्हणाले, "काय हे, आक्का. जन्मभर सगळ्यांशी भांडलासा, डोक्याला लई ताण करून घेतलासा. त्येनंच हे झालं. ऐकला न्हाईसा कुणाचं."

आक्काचे ओठ हलले. काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, मास्तरांना नसेल. पण आवाज निघाला नाही. ती पुन्हा प्रयत्न करायला लागली आणि मला मान फिरवावीशी वाटली.

वैशालीनं उजवा कान मास्तरांच्या दिशेला केला होता, आता तिनं तोंड त्यांच्याकडे वळवलं. नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी लागली होती.

"तुम्ही बघितलासा?" तिनं विचारलं.

मास्तर गडबडले. "काय?"

त्यांना ऐकू आलं नसावं असं तिला वाटलं. तिनं आवाज चढवला, इतका की रांगेतल्या बायका वळल्या आणि बेळगावच्या बसचा कंडक्टर पायरीवर थांबला. "त्यांनी ताण करून घेतला म्हणालासा न्हवं? मी विचारालेय, तुम्ही ते बघितलासा काय?"

मास्तर बसची पाटी वाचायला लागले. आक्काचा चेहरा तसाच होता, पण तिनं डाव्या हातानं वैशालीच्या दंडावर एकदा थोपटलं. मग दोघी बसमध्ये चढल्या, आधी वैशाली, काठीनं पायरी चाचपत, आणि तिच्या हाताला धरून मागून इंदाक्का. कंडक्टरनं म्हाताऱ्या माणसांची राखीव जागा रिकामी करून दिली. आक्का त्या जागेवर बसली नाही.